लोणंदची मेंढी

मेंढी हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांपुढें मांडावयाचा म्हणजे लेखकानें थोडी क्षमा मागूनच आरंभ केला पाहिजे. आपल्या बोलण्यांत मेंढरूं हें मुकाट्यानें दुसऱ्यामागें जाणाऱ्याचें नांव होऊन बसलें आहे. गाईला पूजा मिळाली, घोड्याला बखरींत स्थान मिळालें. मेंढीच्या वाट्यास घोंगडी आणि खाटिकखाना यांपलीकडे कांहीं आलें नाहीं. तरी पण सातारा जिल्ह्यांतील एका मेंढीच्या वंशांत गेल्या सुमारें तीस वर्षांत माणसानें जो फरक घडवून आणला, त्याची हकीकत आम्हांस एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीइतकी चित्तवेधक वाटते. राजघराण्यांच्या वंशावळींत दत्तक पुष्कळ असतात. येथें मात्र एकच गुण, आपली बारीक खूण न पालटतां, बंगालच्या खाडीकांठापासून नीरेच्या कांठापर्यंत ओळखूं येतो.

माणसानें जनावरांचे वंशगुण बदलणें ही कांहीं प्रयोगशाळेंत जन्मलेली विद्या नव्हे. आमचें बालपण आटपाडीच्या बाजूस गेलें. खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेंत जनावरांचा बाजार भरे, आणि वडिलांचें बोट धरून आम्ही खिलार बैलांच्या रांगांमधून हिंडत असूं. खोंड पाहणारे जाणते लोक दांत पाहत, शिंगांची ठेवण पाहत, कातडी चिमटींत धरून पाहत, खूर पाहत, आणि अंगावरचे भोंवरे तर एखाद्या ज्योतिषाच्या गांभीर्यानें मोजीत. त्यांतलें कांहीं शास्त्र होतें, कांहीं निव्वळ भोळेपणा होता. पण या पाहण्याचा एक परिणाम निश्चित होता. जो खोंड पसंतीस उतरे तो वळू म्हणून राखला जाई. बाकीचे बडवून औताला जुंपले जात. बडवलेला बैल जन्मभर राबतो, पण त्याचा वंश तेथेंच संपतो. म्हणजे पुढच्या पिढीचा बाप कोण व्हावा आणि कोण होऊं नये, हें शेतकरी दरवर्षीं ठरवीत होता. आणि असें शेंकडों वर्षें चाललें, तेव्हां कोठें माणदेशच्या खडकाळ वाटांवरून गाडी पळविणारा तो सडपातळ, पांढुरका, मागें वळलेल्या टोंकदार शिंगांचा बैल तयार झाला. म्हैसूरकडील हळ्ळीकर आणि अमृतमहाल या जातींशीं त्याचें नातें जाणकार जोडतात. त्याच्या एका पोटजातीला आटपाडी-महाल असें म्हणतात, तें औंध संस्थानाच्या त्या महालावरून.

या निवडीची किंमत गाईनें दिली. चपळाई आणि काटकपणा यांवर सगळी नजर, दुधाकडे लक्ष नाहीं. जें दूध असे तें बहुतेक खोंडाच्या पोटांत जाई. मागतां एक गुण मिळाला आणि न मागितलेला दुसरा गेला. पुढें ट्रॅक्टर आला, आणि ज्या चपळाईसाठीं एवढा खटाटोप झाला ती शर्यतीपुरती उरली. ती शर्यतहि २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडली आणि २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां सुरू झाली. मधल्या काळांत खिलार खोंडाचें काय करावें हा प्रश्न आमच्या गांवच्या कित्येक घरांत जेवणाच्या पानावर निघत असे.

वनस्पतींची गोष्ट सोपी. तासगांवच्या द्राक्षबागांत जी थॉम्प्सन नांवाची बिनबियांची जात पसरली, तिच्या वेलीवर क्वचित् एखादी फांदी इतरांहून निराळीं फळें देते. हा फांदीपुरता झालेला वंशबदल असतो. तासगांव तालुक्यांतील बोरगांवांत अशीच एक निराळी वेल हेरण्यांत आली. तिच्या काड्या लावून 'तास-ए-गणेश' ही जात झाली. नांवांतील 'तास' तासगांवचा. बी नसलेल्या द्राक्षाला बापहि नाहीं आणि आईहि नाहीं. काडी लावली कीं तीच वेल पुन्हां उभी राहते, गुणांत रतिमात्र फरक न होतां. सांगलीच्या हळदीचेंहि तेंच: गड्डा पुरावा, तसाच गड्डा काढावा. एकदां चांगलें हातीं लागलें कीं तें टिकविण्यास केवळ सावधपणा पुरतो.

जनावरांत तसें होत नाहीं. प्रत्येक पिल्लूं दोघांचें असतें, आणि उत्तम गाईचें वासरूं उत्तमच निपजेल याची शाश्वति ब्रह्मदेवहि देत नाहीं. 'खाण तशी माती' ही आपली म्हण खरी असली तरी अर्धीच खरी आहे. यामुळेंच जुन्या काळचे पैदासकार, आपलेहि आणि युरोपांतलेहि, वंशाचा विचार 'रक्ता'च्या भाषेंत करीत. अठराव्या शतकांत इंग्लंडांत डिश्ले येथील रॉबर्ट बेकवेल यानें लीस्टर मेंढीची जी सुधारणा केली ती निवडक नर आणि जवळच्या नात्यांतील संबंध यांच्या बळावर. आपले मेंढे तो हंगामापुरते भाड्यानें देई आणि त्यांची संतति कशी निघते तें पाही. त्याच्या काळीं समजूत अशी, कीं आईबापांचें रक्त दुधांत पाणी मिसळावें तसें मिसळतें. अर्धें, मग पाव, मग आठवा हिस्सा, आणि अखेर गुण पातळ होऊन नाहींसा होतो.

ही समजूत चुकीची आहे हें ब्र्यून येथील मठांत वाटाण्यांवर प्रयोग करून ग्रेगोर मेंडेल यानें १८६५ सालीं दाखविलें, आणि १९०० पर्यंत त्याकडे जवळजवळ कोणीं पाहिलें नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. वंशगुण हे पातळ पदार्थासारखे मिसळत नाहींत. ते दाण्यांसारखे सुटे असतात. प्रत्येक प्राण्याजवळ एका गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. आणि आपल्या संततीला तो त्यांतली एकच देतो, कोणती तें दैवावर. प्रत गेली तर पूर्ण गेली, मिळाली तर पूर्ण मिळाली. अर्धी प्रत कोणाला मिळत नाहीं. या सुट्या दाण्याला पुढें १९०९ मध्यें योहानसन यानें 'जीन' हें नांव दिलें. आपण त्याला जनुक म्हणतों. हें एवढें ध्यानांत ठेवलें कीं लोणंदच्या मेंढीची गोष्ट समजण्यास आणखी पांडित्य लागत नाहीं.

लोणंद हें खंडाळा तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव, कांद्यासाठीं आणि मेंढरांसाठीं प्रसिद्ध. या भागांतील दख्खनी मेंढीच्या पोटजातीला गांवावरून लोणंद मेंढी म्हणतात. अंग बेताचें, पाय उंच, दिवसभर चालण्याची तयारी. फलटण, माण, खटाव या बाजूचे धनगर पावसाळा संपला कीं कळप घेऊन कोंकणाकडे उतरतात आणि पुढच्या पावसाच्या आधीं परततात. वाटेंत शेतकरी रात्रीं शेतांत मेंढरें बसवून घेतात आणि त्या खताबद्दल धान्य किंवा रोकड देतात. पूर्वीं लोकरीच्या घोंगड्या होत. आतां त्या जाड, काळसर लोकरीला कातरण्याची मजुरीहि सुटत नाहीं. धनगराचें उत्पन्न म्हणजे कोंकरूं. आणि ही मेंढी एका वेळीं कोंकरूं देते एकच. जावळीं झालीं तर कळपांत ती नवलाची गोष्ट, आणि ती नेहमींच आनंदाची गोष्ट नव्हे. रोज सात-आठ मैल चालणाऱ्या मेंढीच्या थानांत दोघांपुरतें दूध कोठून येणार? दोन्ही रोडावतात, एखादें वाटेंतच मरतें. म्हणून जावळें देणारीचा वंश मुद्दाम वाढवावा असें धनगरास कधीं वाटलें नाहीं, आणि उन्हाळ्यानेंहि तो वाढूं दिला नाहीं. आमच्या मतें माणदेशचा दुष्काळ हाच या मेंढीचा पहिला पैदासकार.

पण एकाच कोंकरावर भागण्याचा काळ सरत चालला होता. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी फलटणाकडे आलें, माळरानांवर ऊंस उभा राहिला, आणि चराईची जमीन वर्षावर्षानें आखडली. मटणाचा भाव वाढता, गवत घटतें. जास्त मेंढ्या पाळणें शक्य नाहीं. तेव्हां आहे त्याच मेंढीनें जास्त कोंकरें द्यावीं, हा विचार पुढें येणें क्रमप्राप्त होतें. तो ज्यांनीं पुढें आणला ते बनबिहारी विष्णु निंबकर. अमेरिकेंत शेतीशास्त्र शिकून ते फलटणास शेती करीत राहिले, आणि १९६८ मध्यें तेथें त्यांनीं निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापिली. साहित्यप्रेमी वाचकांना त्यांची ओळख दुसऱ्याहि नात्यानें असेल: ते इरावतीबाई कर्वे यांचे जांवई, लेखिका जाई निंबकर यांचे पति. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं पशुपैदाशीचें शास्त्र अभ्यासिलें आणि मेंढीचें काम मुख्यतः त्यांच्या हातून झालें.

जुळें देणाऱ्या मेंढीचें जनुक मात्र महाराष्ट्रांत नव्हतें. तें होतें सुंदरबनांत, आणि त्याचा शोध लागण्यासाठीं त्याला प्रथम समुद्र ओलांडावा लागला.

सुंदरबनच्या दलदलींत गारोळ नांवाची एक चिमुकली मेंढी आहे. वजन अवघें दहापंधरा किलो, पण एका वेळीं दोन कोंकरें सहज, प्रसंगीं तीनहि. गुडघाभर पाण्यांत उभी राहून ती चरते. तिच्या या सुपीकपणाची बंगालबाहेर कोणास दादहि नव्हती. इ. स. १७९२-९३ मध्यें सिडनी येथील नव्या इंग्रज वसाहतीला, जींत बहुसंख्य कैदी होते, मांसाची टंचाई पडली, तेव्हां कलकत्त्याहून गलबतांतून बंगाली मेंढ्या पाठविण्यांत आल्या. त्यांच्यानंतर चारच वर्षांनीं, १७९७ मध्यें, तलम लोकरीची स्पॅनिश मेरिनो ऑस्ट्रेलियांत पोहोंचली आणि सर्वांचें लक्ष तिच्याकडे वळलें. बंगाली मेंढीचें 'हलकें रक्त' पिढ्यानपिढ्या मेरिनोचे मेंढे घालून धुऊन काढण्यांत आलें. दीडशें वर्षांत त्या रक्ताचा हिशेब कागदावर शून्याला लागला असावा. लोकर तलम झाली, अंग मोठें झालें, बंगालचें कांहीं म्हणून दिसेना.

पुढें न्यू साउथ वेल्स प्रांतांत कूमा गांवाजवळ 'बुरुला' नांवाच्या मळ्यावर सीअर्स नांवाच्या बंधूंच्या असें लक्षांत आलें कीं आपल्या कांहीं मेरिनो मेंढ्या जुळीं, तिळीं, प्रसंगीं त्याहूनहि अधिक कोंकरें देतात. त्यांनीं अशा मेंढ्या वेगळ्या काढून त्यांचाच कळप वाढविला. १९५८ च्या सुमारास तेथील सरकारी शास्त्रसंस्थेनें त्यांच्याकडून कांहीं जनावरें घेतलीं. हेलन न्यूटन टर्नर या विदुषींनीं त्यांचा अभ्यास केला. १९८० च्या आसपास असें अनुमान निघालें कीं हा गुण अनेक लहानसहान कारणांचा गोळा नसून एकाच जनुकाचें काम आहे. २००१ मध्यें तीन निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांना तें सांपडलें. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत, एका ठिकाणीं, एक अक्षर बदललेलें आहे. त्यामुळें त्या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनाच्या सांखळीत २४९ वा दुवा निराळा पडतो. त्या एका दुव्यामुळें अंडाशयांतील अंडीं लवकर पक्व होतात आणि एका ऐवजीं दोन किंवा तीन सुटतात. बस्स, एवढेंच. २००२ मध्यें गारोळ मेंढीचें रक्त तपासलें तेव्हां तेंच अक्षर त्याच जागीं बदललेलें आढळलें.

दुधांत पाणी मिसळल्याचा तो जुना दृष्टांत येथें साफ फसतो. दीडशें वर्षें मेरिनो घालून घालून बंगालचें 'रक्त' नाहींसें केलें, पण हा दाणा मिसळणारा नव्हता. कोणाच्याहि लक्षांत न येतां तो एका मेंढीकडून दुसरीकडे पूर्णच्या पूर्ण जात राहिला. आणि आमच्या देशाची एक जुनी रीत येथेंहि चुकली नाहीं: जनुक घरचें, पण त्याची ओळख पटविणारें पत्र मात्र परदेशांतून आलें.

फलटणच्या मंडळींनीं ऑस्ट्रेलियाकडून विद्या घेतली, मेंढी घेतली नाहीं. ती त्यांनीं थेट सुंदरबनांतून आणली. १९९० नंतरच्या दशकांत गारोळ मेंढे फलटणास आले. पण खरी अडचण पुढेंच होती. गारोळ मेंढा आणि लोणंद मेंढी यांचीं कोंकरें जुळें देण्याचा गुण आणीत, तसें बापाचें चिमुकलें अंगहि आणीत. खाटिक वजनाला पैसे देतो. दोन लहान कोंकरें मिळून एका मोठ्याची किंमत भरत असेल, तर धनगरानें हा खटाटोप कशाला करावा?

येथें मेंडेलचा हिशेब कामीं आला. बहुतेक गारोळ मेंढ्यांत या जनुकाच्या दोन्ही प्रती असतात. म्हणून पहिल्या पिढींतील प्रत्येक कोंकराला एक प्रत मिळते आणि अंग अर्धें गारोळ होतें. त्यांचा संबंध पुन्हां लोणंदशीं केला, तर गारोळपण पावावर येतें. प्रत मात्र पाव होत नाहीं. निम्म्या कोंकरांत ती पूर्ण असते, निम्म्यांत मुळींच नसते. जीं जनुकवाहक त्यांचाच पुढें वापर करावयाचा, आणि पुन्हां तेंच. तीन पिढ्यांत अंग जवळजवळ लोणंदचें होतें, आणि जनुक पहिल्या दिवशीं होतें तसेंच ताजें.

कागदावर हें सुरेख दिसतें. पण जनुकवाहक कोणतें आणि नुसतें कोणतें हें ओळखावें कसें? मेंढी निदान विते. तिला जुळें झालें तर संशय घेतां येतो. मेंढा कधीं विणार नाहीं. त्याच्या अंगीं हा गुण असला तरी तो त्याच्यांत प्रकट होऊं शकत नाहीं. त्याच्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षें, वाट पाहिली पाहिजे. आणि तोंवर त्याचा वापर करावा कीं करूं नये? खरसुंडीच्या जाणत्याची नजर कितीहि तीक्ष्ण असली तरी येथें ती आंधळी आहे. २००१ च्या शोधानें ही कोंडी फुटली. रक्ताचे चार थेंब घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साह्यानें ती खूण वाचतां येऊं लागली. कोंकरूं लहान असतांनाच त्याच्याजवळ प्रत एक, दोन, कीं एकहि नाहीं, हें समजूं लागलें. पुढें या वंशांत मांसल अंगासाठीं कर्नाटकांतील बन्नूर आणि दुधासाठीं इस्रायलकडील आवासी यांचाहि अंश घालण्यांत आला, आणि त्या मेंढीला 'नारी सुवर्णा' असें नांव दिलें. त्यांतील 'नारी' हें संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचें आहे. स्त्रीवाचक अर्थ आपोआप साधला, आणि तो शोभतोहि.

येथें एक गैरसमज टाळावा. प्रयोगशाळेंत एका जीवाचें जनुक काढून दुसऱ्यांत बसविण्याची जी विद्या आहे, आणि जिच्या योगें झालेल्या कापसाला २००२ मध्यें आपल्या देशांत परवानगी मिळाली, तिचा या मेंढीशीं कांहीं संबंध नाहीं. येथें माणसानें नवें अक्षर लिहिलें नाहीं. निसर्गानें कधींकाळीं केलेली चूक वाचली, आणि ती कोणाकडे जावी एवढें ठरविलें. खिलार वळू राखणाऱ्या आमच्या वडिलांनीं याहून वेगळें काय केलें? त्यांना फक्त वाचतां येत नव्हतें.

आतां फळ काय मिळालें? एक प्रत असलेल्या मेंढीच्या प्रत्येक विण्यामागें सरासरीनें सुमारें अर्ध्या कोंकराची भर पडते, म्हणजे शंभर मेंढ्यांमागें शंभराच्या जागीं दीडशेंच्या आसपास कोंकरें. दुसरी प्रत मिळाल्यानें ही भर दुप्पट होत नाहीं. तिळ्यांचें ओझें वाढतें, आणि तिळीं जगविणें फलटणच्या गवतावर कठीण. तेव्हां अधिक तितकें चांगलें असा हा व्यवहार नाहीं. जुळ्यांतलें कोंकरूं एकट्यापेक्षां हलकें असतें, आणि गाभण मेंढीला शेवटच्या दोन महिन्यांत चारा कमी पडला तर जनुकानें दिलेलें कोंकरूं ऊन घेऊन जातें. धनगरांच्या कळपांत दोन-चार शेळ्या असतात, त्यांच्या दुधावर उणें-अधिक भागविण्याची रीत जुनी आहे. ती येथें उपयोगी पडते. पण ज्याच्या घरची बाई कोंकरांना बाटलीनें दूध पाजण्यास मोकळी आहे, ज्याचा वाडा चार महिने तरी एका जागीं असतो, त्यालाच हें जनुक फळतें. कोंकणापर्यंत पायपीट करणाऱ्याला तें भार होऊं शकतें. संस्थेनें जनावरें धनगरांच्या कळपांत दिलीं तेव्हां नुसतीं देऊन न थांबतां त्यांच्या विण्यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवली, हें आम्हांस त्या शोधाइतकेंच मोलाचें वाटतें. खिलारीच्या गाईचा हिशेब कोणीं कधीं ठेवला नव्हता.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध मेंढपाळ आहेत. त्यांच्या कळपांत या वंशाच्या पांच-सहा मेंढ्या आहेत. त्यांना आम्ही विचारलें, "अण्णा, जावळीं वाढलीं, सुख झालें ना?" ते म्हणाले, "सुख झालं, मास्तर. पर आता रातचं दोनदा उठावं लागतंय." आणि मग, कांहीं वेळानें, "ती उठत्यात, म्या बी उठतो."

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही त्यांच्याबरोबर लोणंदच्या बाजारांत गेलों होतों. गिऱ्हाइकें मेंढ्यांचीं तोंडें उघडून दांत पाहत होतीं, पाठीवर पंजा दाबून मांस अजमावीत होतीं, रुमालाखालीं बोटांनीं भाव ठरत होते. अण्णांनीं दोन मेंढ्या विकल्या. एक जनुकवाहक होती, एक नव्हती. कोणती कोणती हें त्यांच्या वहींत होतें, मेंढीच्या अंगावर नव्हतें. दोघींना सारखाच भाव आला. वही त्यांनीं कमरेच्या पंच्यांत खोंचली आणि आम्ही चहाला गेलों.